ट्रायलचा फोटो

फोटो काढण्यासाठी जीव टाकणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण फोटो न काढण्यासाठी इतका खटाटोप करणारा माणूस अख्ख्या म्हैसुरात एकच, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. आमचे घरमालक. नवऱ्याची बदली बेळगोळच्या कारखान्यात झाली म्हणून आम्ही चामराजपुरमातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. मी सांगलीची. आता इथं बोलायचं कुणाशी, या काळजीत सामान चढवत होते, तर खालून आवाज आला, "सावकाश अम्मा, स्वल्प वाका, वर बीम आहे." मराठी ऐकून मी इतकी हरखले की वाकायच्या ऐवजी वर बघितलं, आणि बीम कपाळावर सणकून बसला. यांचं घराणं शिंप्यांचं, विठ्ठलाचं, कैक पिढ्या म्हैसुरात मुरलेलं. वाक्य मराठीत सुरू करायचं, मध्येच कन्नड गल्लीत वळायचं आणि जमलं तर परत मराठीत यायचं, अशी त्या घरची भाषा. बर्फाचा तुकडा घेऊन बाहेर आलेल्या मावशी, म्हणजे त्यांची बायको, मला म्हणाल्या, "हे असंच. सांगतात बरोबर, पण वेळेवर नाही." त्या एका वाक्यात त्यांनी नवऱ्याचं सगळं चरित्र सांगून टाकलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

नजरबादेत त्यांचं कोट शिवायचं दुकान होतं. कचेऱ्यांतले साहेब लोक निवृत्तीच्या समारंभाला त्यांच्याच हातचा कोट घालून रडायचे, असं ते अभिमानानं सांगत. पुढे तयार कोटांची दुकानं आली, यांच्या मानेनंही संप पुकारला आणि दुकान बंद झालं. मग हातांना काम हवं म्हणून त्यांनी घेतला मिररलेस कॅमेरा. साधा नाही, चांगला दणदणीत, वर तीन लेन्स. कॅमेरा आला त्या आठवड्यात त्यांनी फोटो काढला नाही, कपडे शिवले. कॅमेऱ्याचे! प्रत्येक लेन्सला कोटाच्या उरलेल्या कापडाचं आतून अस्तर लावलेलं जाकीट, काज-गुंडीसकट. बॉडीला बिनबाह्यांचं. लांब लेन्सच्या जाकिटाला त्यांनी छोटा खिसासुद्धा ठेवला होता. "खिशात काय ठेवणार?" मी विचारलं. "लेन्सचं झाकण," ते म्हणाले, आणि अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं की जणू सांगलीकडे कोटाला खिसे ठेवायची पद्धतच नसावी.

मग सुरू झालं सेटिंग. देवा रे, ते सेटिंग! पुढच्या खोलीत खिडकीजवळ एक खुर्ची, तिच्या पायांभोवती लाल कोब्यावर शिंप्याच्या खडूच्या खुणा. खुर्चीत मावशी. घरमालक गळ्यातला टेप काढून लेन्सपासून मावशींच्या नाकापर्यंतचं अंतर मोजत. कॅमेरा आपोआप डोळ्यावर फोकस धरतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी मोजत. "मशीन सांगतंय ते खरं, पण माप आपण घ्यायचं की," असं त्यांचं म्हणणं. पांढऱ्या रंगाचं तर विचारूच नका. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवून द्यावं लागतं, म्हणजे मग बाकीचे रंग ठिकाणावर येतात. आता शिंप्याला पांढरा हा काय एक रंग असतो? मोतिया, दुधी, खादीचा, धुवट. एक दिवस त्यांनी जुनं धोतर दाखवलं आणि त्या दिवशीच्या फोटोत मावशी निळ्याशार आल्या. "हे बघ, तुझा विठोबा झाला," म्हणून दोघं इतकी हसली की मी जिन्यावरून खाली आले. मावशी या सगळ्यात निवांत. पावटे सोलत बसायच्या. मान डावीकडे म्हटलं की डावीकडे, हनुवटी वर म्हटलं की वर, सोलणं चालूच.

आणि एवढं करून काढलेले फोटो? संध्याकाळी देवापुढे दिवा लावायच्या आत सगळे पुसून कार्ड कोरं! मला हे कळलं ते माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवशी. "फोटो मी काढतो अम्मा, बाहेरचा माणूस बेडा, नकोच," असं त्यांनीच सांगितलं. मी बाहेरचा माणूस बोलावला नाही. दुपारभर त्यांनी लेन्स बदलल्या, पोरीला पडद्यापुढे बसवलं, पडद्यामागे बसवलं, केक कापताना "स्वल्प थांबा" म्हणून मेणबत्ती निम्मी वितळवली. दुसऱ्या दिवशी मी फोटो मागायला गेले तर म्हणतात, "अय्यो, ती ट्रायल होती! कॉलर बसली नव्हती." कॉलर म्हणजे माझ्या पोरीच्या गालावरचा उजेड. मी भडकले. जीभ माझी काय, ती सुटली की सुटली. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "कच्च्या टाक्यातला कोट घालून गिऱ्हाइकाला कधी घरी पाठवतात काय? दुकानाची अब्रू जाईल. नोडी, बघा तुम्ही, पुढच्या वर्षी फायनल करू." दसऱ्याचीही तीच तऱ्हा. मिरवणुकीच्या आधी हत्तींना रोज रस्त्यावरून चालवून सराव देतात, तो बघायला हे पहाटे उठून, जाकिटं घातलेल्या लेन्स घेऊन हजर. खऱ्या मिरवणुकीच्या दिवशी मात्र घरी, टीव्हीपुढे. आणि सरावाचे फोटो संध्याकाळी साफ! मी टोचून विचारलं तर म्हणाले, "ट्रायल हत्तीला चुकत नाही, मग मला?"

हसण्यासारखंच होतं सगळं, पण मावशींच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातल्या ठरल्या दिवशी रिक्षानं दवाखान्यात जायचं, रक्त धुऊन घ्यायचं आणि संध्याकाळी चिपाड होऊन परत यायचं. त्यांचा चेहरा एक दिवस सुजून गोल, दुसऱ्या दिवशी ओसरून लांब. "आज लग्नातल्यासारखी दिसते नाही?" असं त्या सुजेच्या दिवशी विचारायच्या. आणि लग्नातल्या फोटोत काय होतं तर बाशिंग! मावशींच्या तोंडावरून बाशिंगाचे गोंडे लोंबतायत आणि गोंड्यांतून एक नाक बाहेर आलंय. तेवढंच काय ते नाक. त्यानंतर सगळा जन्म दुकान, सासू-सासरे, काज-गुंड्या. मूलबाळ नाही, त्यामुळे बारशाचे, वाढदिवसांचे फोटोही नाहीत. एकदा पावट्याची टोपली माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "बये, माझं एकच मागणं आहे. माझा एक बरा फोटो व्हावा. हिरवी साडी, नाकात मोरणी. मेल्यावर लोकांनी आधारकार्डावरच्या बाईला हार घालू नये. ती कोण बाई आहे ती मलाच माहीत नाही." मी हसले आणि लगेच मोबाइल वर केला. त्यांनी तळवा आडवा धरला. "नको, ते काढणार आहेत ना. दुसऱ्यानं काढला तर त्यांना वाईट वाटेल." मी पुन्हापुन्हा प्रयत्न केला. माझ्या मोबाइलमध्ये त्यांचे तळवे तेवढे आहेत.

शेवटी मीच एक दिवस उखडले. घरमालक देवळात गेले होते. मी म्हटलं, "मावशी, ही ट्रायल कधी संपणार आहे? स्पष्ट सांगा त्यांना. आज फायनल म्हणावं, नाहीतर मी त्या कार्डाला कुलूप लावते." मावशींनी हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाल्या, "अगं, दुकानात मी कडेला बसून गुंड्या लावायची. बघितलंय की मी. कोट पुरा झाला की माणूस घालून जातो. पुन्हा त्याचं तोंड दिसत नाही. ट्रायल आहे तोवर मात्र त्याला यावंच लागतं." मला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा विचारलं, "म्हणजे ते मुद्दाम?" "मुद्दाम कशाचं! त्यांना स्वतःलासुद्धा ठाऊक नसेल. त्यांना खरंच वाटतं की उजेड बसला नाही. पण मला ठाऊक आहे ना. मी म्हटलं तर आत्ता काढतील. फोटो पुरा झाला, की मग मी भिंतीवर जायला मोकळी, असं होईल त्यांना." मी म्हटलं, "आणि तुमचं मागणं?" त्यांनी पदरानं हात पुसले. "माझं काय, मी तेवढा वेळ त्यांच्यासमोर बसलेली असते. चांगलं वाटतं गं. दुकान होतं तेव्हा कधी मान वर करून बघितलं नव्हतं त्यांनी."

मावशी गेल्या त्या आषाढात. दवाखान्यातच गेल्या, दुपारच्या वेळी. आदल्या आठवडाभर त्यांना तिथंच ठेवलं होतं; घरमालक सकाळी दवाखान्यात आणि जेवायला घरी असे करत होते, आणि जेवून झालं की खालून कॅमेऱ्याचा बारीक आवाज यायचा. मला वाटायचं, माणूस मन रमवतोय, रमवू दे. दिवस घालायची वेळ आली तशी मंडळी फोटो विचारू लागली. मावशींच्या चुलतदिरानं खिशातून आधारकार्डाची झेरॉक्स काढली. "यावरनं मोठा करून घेऊ," म्हणाले. घरमालकांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मग मीच कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन कॅमेऱ्याच्या दुकानात पळाले. पुसलेले फोटो परत काढतात असं ऐकलं होतं. दुकानदारानं पुष्कळ खटपट केली. पण रोज पुसायचं आणि त्याच कार्डावर पुन्हा काढायचं, त्यामुळे जुनं काही उरलंच नव्हतं. निघाले ते शेवटच्या आठवड्यातले, पुसायचे राहून गेलेले फोटो. सगळ्यांत खिडकीजवळची खुर्ची, खडूच्या खुणांवर नीट ठेवलेली, दुपारचा उजेड पडलेली. रिकामी. मावशी घरी आल्या की लगेच बसवता यावं म्हणून बिचारे रोज सेटिंग करून ठेवत होते. मी त्या दुकानात काउंटरला धरून रडले. लाज वाटली नाही मला.

घरी येऊन सांगितलं, तर घरमालक गळ्यातल्या टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग उठले, कॅमेऱ्याचं जाकीट काढलं आणि म्हणाले, "अम्मा, एक आहे. पण तो फोटो नाही." या कॅमेऱ्यांत म्हणे एखादा चेहरा ओळखीचा म्हणून नोंदवून ठेवता येतो. गर्दीत तो चेहरा असला की कॅमेरा बाकीच्यांना सोडून आधी त्याच्यावर फोकस धरतो. कॅमेरा आणला त्याच दिवशी दुकानदारानं त्यांना ते शिकवलं होतं आणि यांनी घरी येऊन मावशींना नोंदवून टाकलं होतं. तो चेहरा कार्डावर नसतो, कॅमेऱ्याच्या पोटात असतो, त्यामुळे रोजच्या पुसण्यात तो वाचला होता. मागच्या पडद्यावर, मेनूच्या एका कोपऱ्यात, कोटाच्या गुंडीएवढ्या मावशी. हिरवी साडी नाही, मोरणी नाही. केस विस्कटलेले, ब्लाउजला पिन लावलेली, आणि तोंड अर्धं उघडं, काहीतरी बोलतायत. "काय म्हणत होत्या?" मी विचारलं. "हे नवीन काय खूळ, असं म्हणत होती," ते म्हणाले आणि पहिल्यांदाच हुंदका फुटला त्यांना.

तो चेहरा बाहेर काढायची सोय त्या यंत्रात नव्हती. मी मोबाइल धरून त्या पडद्याचाच फोटो घेतला आणि मोठा करून आणला. चेहऱ्यावर बारीक रेघा आल्या, दाणे फुटले, कडेला मेनूची अक्षरंही उमटली. कोटाच्या बाहीत सुताएवढा फरक राहिला तर रात्रीचं जेवण न उतरणारा माणूस! मी भीतभीत फ्रेम पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, बघितली, आणि खिळा ठोकायला गेले.

आता ते फोटो काढतात. खरोखरचे. माझ्या मुलीच्या वाढदिवसाचे काढले आणि त्याच दिवशी देऊन टाकले. देवळातल्या भजनी मंडळींचे काढतात, गल्लीतल्या बारशांचे काढतात, पुसत काहीच नाहीत. मध्यंतरी कॅमेरा साफ करून घ्यायला मी त्यांच्याबरोबर त्या दुकानात गेले होते. दुकानदार भला माणूस. म्हणाला, तो नोंदवलेला चेहरा काढून टाकूया का, कॅमेरा उगीच आधी तोच हुडकत बसतो. घरमालकांनी त्याच्या हातातून कॅमेरा हळूच काढून घेतला. "राहू दे," ते म्हणाले, "हुडकू दे त्याला." तेव्हापासून आमचा फोटो काढायचा म्हटलं की ते आम्हाला जिन्यापाशी उभं करतात आणि कॅमेरा डोळ्याला लावतात. लावल्यावर बटण दाबायच्या आधी जरा थांबतात. मी मूळची घायकुती, फोटोला दोन मिनिटं उभं राहायचं म्हणजे माझा जीव जातो. पण तेवढ्या वेळात आमच्यापैकी कुणी त्यांना "आटपा" म्हणत नाही.