जट कापणाऱ्या आक्का

आक्का बाईमाणसाच्या तोंडाकडं नंतर बघायच्या, आधी डोक्याकडं. एसटीत, बाजारात, लग्नाच्या पंगतीत, कुठंही. एखादीच्या केसांत जट दिसली की तिच्या शेजारी जाऊन बसायच्या आणि विचारायच्या, "खाजतंय का गं?" देवाधर्माचं बोलणं नंतर. उचगावात दोन खोल्यांत राहणाऱ्या ह्या निवृत्त शिक्षिका पिशवीत कात्री, खोबरेल आणि साबणाची वडी घेऊन शिरोळपासून गगनबावड्यापर्यंत हिंडायच्या. त्या वेळी आमच्या भागात हे काम करायला दुसरी कुणी बाई पुढं आली नव्हती.

माझी जट त्यांनीच कापली. नव्वद सालानंतरची गोष्ट. मी बारा वर्षांची. टायफॉइडनं अंथरूण धरलं होतं, केसांना ना तेल ना फणी. उठले तेव्हा मानेवर केसांचा गठ्ठा झाला होता. आईनं तो सोडवायचा सोडून त्याला हळदकुंकू वाहिलं. देवी आली म्हणे. आता यात्रेत पोरगी देवीला सोडायची, गळ्यात मणी बांधायचे. म्हणजे लग्न नाही, आणि मोठी झाली की गावातल्या पैसेवाल्यांच्या मर्जीवर जगायचं. यात्रा तोंडावर आली होती.

आक्का घरी आल्या तेव्हा आई म्हणाली, "देवीनंच मागितलीया पोरगी."

आक्कांनी अंगणात खेळणाऱ्या माझ्या भावाकडं बोट केलं. "ह्याच्या डोक्यात गुंता झाला असता तर?"

"न्हाव्याकडं धाडला असता की."

"मग पोराला न्हावी आणि पोरीला देवी व्हय? हा कुठला न्याय, बाई?"

ते आठवलं की आजही माझं डोकं सणकतं. गावचे पुढारी आमच्या दारात उभे राहून परंपरा सांगत होते. त्यांच्या स्वतःच्या लेकींच्या डोक्यात देवी कशी कधी आली नाही? त्यांच्या न्हाणीत साबण होता ना. परंपरा सांभाळायला आम्ही गरिबाच्या पोरी होतोच.

आक्कांचा एक नेम होता. ज्या बाईची जट, तिनं स्वतः सांगितल्याशिवाय कात्री उघडायची नाही. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. "डोकं तुझं हाय. तू सांग." मी आईकडं बघितलं. "तिच्याकडं न्हाय, माझ्याकडं बघून सांग." तोवर मला कुणी कशाबद्दल काही विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "कापा."

आई किंचाळली, पोरगी रक्त ओकून मरंल म्हणून. आक्का शांतपणे म्हणाल्या, "कोप व्हायचा तर माझ्यावर होऊ दे. मी हितंच बसते." कापलेल्या जटेला हात लावायला कुणी धजेना. त्यांनीच ती चुलीत घातली, आणि त्याच चुलीवर स्वतः चहा ठेवला. यात्रा होईपर्यंत त्या आमच्याकडंच राहिल्या. मला काही झालं नाही. मी शाळेत गेले. पुढाऱ्यांनी मात्र त्यांच्या उचगावच्या दारात शेण टाकायला माणसं धाडली. "सारवायला बरं झालं," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढं मी कोल्हापुरात नर्स झाले. काही वर्षांनी आक्कांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. लगेच आमच्या गावभर सुरू झालं, देवीनं जीभ ओढून घेतली. आदल्याच वर्षी आमच्या थोरल्या पुढाऱ्याचं तोंड असंच वाकडं झालं होतं, तेव्हा ते बीपी होतं. बाप्याला बीपी आणि बाईला कोप. शरम वाटायला हवी होती ह्या लोकांना.

आक्का गेल्या त्या दिवशी मी आईला घेऊन उचगावला गेले. तो थोरला पुढारी काठी टेकत दारात उभा होता. चार लोकांना ऐकू जाईल असं बोलला, "जटंला हात लावला, त्येचं फळ."

मी तोंड उघडायच्या आत आई पुढं झाली.

"कोप व्हायचा असता तर माझ्यावर झाला असता, पावणं. पोरीला सोडायला मी निघालते, आक्का न्हाय." मग तिनं पदर खोचला. "आता दारातनं सरका. आंघोळ घालायचीया त्यास्नी."