दादाची प्लीहा आणि माझी जीभ

मी सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीला चारने भागायचं, हा आमच्या घरचा नियम. नियम दादाचा. भोपाळच्या मोठ्या सरकारी कारखान्यात त्याने जन्मभर मोजमापं तपासली. सुताभराचा फरक दिसला की हत्तीएवढा सुटा भाग माघारी पाठवायचा. मिसरोदजवळ मला आडवा गेलेला अजगर मी पंधरा हात सांगितला, तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "म्हणजे पावणेचार. धामण असेल." वहिनी तर बोटांवर भागाकार करायची. मला राग नव्हता. मी आधीच चौपट करून सांगायला लागलो, म्हणजे भागून नेमकं येईल!

गेल्या हिवाळ्यात पित्ताच्या खड्याने दादाच्या स्वादुपिंडाला सूज आली. सूज ओसरली, पण स्वादुपिंडाच्या शेपटाकडे पाण्याची एक पिशवी मागे राहिली. डॉक्टर म्हणाले, घाई नको. पिशवीची भिंत जाड होऊ द्या, मग तोंडातून दुर्बीण घालून जठरातच तिला वाट काढून देऊ. दीड महिना थांबायचं होतं. वहिनीने तुपाचा डबा माळ्यावर टाकला. दादा रोज टेप घेऊन स्वतःचं पोट मोजायचा.

पाचव्या आठवड्यात पुन्हा स्कॅन झाला. लेखी रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता, पण डॉक्टरांनी घरच्या कुणाला तरी लगेच बोलावलं. मी अरेरा कॉलनीत राहतो, दवाखाना दोन गल्ल्यांवर, मीच गेलो. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. पिशवी शेजारच्या प्लीहेत, म्हणजे तिल्लीत, शिरली होती आणि आत रक्त साकळलं होतं. "आज ही भर्ती कराइए. तिल्ली फट गई तो टाइम नहीं मिलेगा." बस, एवढंच बोलले.

मी स्कूटर अशी हाणली की अवधपुरीला दादाच्या घरापर्यंतचे सगळे सिग्नल मला घाबरून हिरवे झाले. खरं म्हणजे घाबरलो होतो मी. आणि भीती वाटली की माझी जीभ सुटते. दारातूनच ओरडलो, "दादा, ऊठ! हंड्याएवढी पिशवी आहे पोटात, प्लीहेची चाळण झालीय, डॉक्टर ढसाढसा रडला! तासाभरात पोचलो नाही तर संपलं!"

दादाने पेपर खालीसुद्धा केला नाही. "म्हणजे पेल्याएवढी. आणि वेळेला भागायचं नसतं, गुणायचं. चार तास."

"दादा, खरंच रे! देवाशपथ!"

"भाऊजी, अजगराच्या वेळीही देवच होता," वहिनी हसत म्हणाली.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. दादा म्हणाला, "संध्याकाळी कागद येऊ दे, वाचतो, उद्या सकाळी जाऊ. पोटात आज काही दुखत नाहीये." दुखत नव्हतं हेही खरंच होतं. मी बसून पोहे खाल्ले. दोन वाक्यं जशीच्या तशी सांगायची होती, तेवढं मला सुचलं नाही.

कागद त्या संध्याकाळी आलाच नाही. सकाळी दाढी करताना दादाचा डावा खांदा दुखायला लागला. उशी वाकडी झाली असेल, म्हणाला. मग चुन्यासारखा पांढरा पडून मोरीच्या उंबऱ्यावर बसला.

पोट रक्ताने भरलं होतं. प्लीहा काढावी लागली, सोबत स्वादुपिंडाचं शेपूटही. सर्जनने आम्हाला दाराशी बोलावून स्टीलच्या ट्रेमध्ये ती दाखवली, नातेवाइकांना दाखवतात तशी. काळपट, फाटलेली. "कल आ जाते तो पहले खून की नली बंद कर देते," तो म्हणाला. वहिनीला हिंदी उत्तम येतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती रागावली असती तर मी पायच धरले असते.

चौथ्या दिवशी ताप चढला. प्लीहा नसली की अंगाला जंतूंशी झुंजणं जड जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळच्या भेटीच्या वेळी दादाने डोळे उघडले.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ताप उतरायला हवा, म्हणाले."

"अजून?"

"एवढंच."

त्याचे ओठ हलले. "थोडं वाढवून सांग की रे."

मी सांगितलं. रविवारी घरी सोडणार आहेत, जिना तू चढून जाणार आहेस, तुला बघायला कारखान्याचं अख्खं खातं गेटवर उभं राहणार आहे. तो ऐकत होता, मोजत नव्हता.

शुक्रवारी ताप उतरला नाही. शनिवारी दुपारी दादा गेला.