नानांचा चेपलेला पेला

मी छकुलीला भरवत होते आणि खालून शेजारीण ओरडली, नाना पडले गं, जिन्यात पडले! उष्ट्या हातानंच पळाले मी... माझे सासरे दुधाची पिशवी छातीशी धरून पायरीवर बसलेले, पिशवी फुटली नव्हती, नाना गेले होते. डॉक्टर म्हणाला हार्ट. असेल. पण मला विचाराल तर नानांना त्या सभेनं मारलं, आणि हे मी भीत भीत लिहितेय, कारण ती माणसं अजून आमच्याच गल्लीतून फिरतात.

नाना धुळ्याकडून सुरतेला आले, जन्मभर कापडाच्या लूमवर उभे राहिले, मग आम्ही कोसाडच्या आवासात, सरकारी घरांत आलो. इथं नळावर रोज भांडण. नानांनी रीत लावली, जो शिवी देईल त्यानं उठायचं, ज्याला दिली त्याला आपल्या हातानं पेलाभर पाणी द्यायचं, मग पुढचं बोलायचं. भांडा की खुशाल, पण पाणी देऊन. आमच्या घरातही तेच. सासूबाई वैतागायच्या, "इतलं पानी पिसन मी फुगी जासू!"

नगरसेवकाची निवडणूक आली की नाना उमेदवारांना बिल्डिंगखाली सभेला एकाच सतरंजीवर बसवायचे. मागच्या वेळी एकानं दुसऱ्याला चोर म्हटलं, हसत उठून पाणी दिलं, तर दुसरा म्हणाला, साखर तरी टाकायची! सगळे हसले. तेव्हा असं चालायचं.

यंदा उमेदवार एक भाई होता आणि मागच्या बिल्डिंगमधली ताई, साड्यांना स्टोन लावायचं काम करते ती. ताईनं विचारलं, गटाराचं काय केलं? तर भाई म्हणतो, आधी ही बाई कोणाच्या गाडीतून उतरते ते विचारा. त्याच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाईल वर झाले. नाना पेला घेऊन उठले. "भाऊ, ऊठ. ताईले पानी दे. मंग बोल." त्यानं पेला हिसकून फरशीवर आपटला. "ए काका, बेसी जा, बस खाली! बाहेरगावचा माणूस मला शिकवतो?" मग ताईच्या माणसांनी भाईची आई काढली. नाना त्यांच्याकडेही वळले, "तू बी ऊठ..." कोण ऐकतंय! वाईट सांगू का, लोक हसत होते. नळावर ज्यांनी नानांच्या हातचा पेला घेतला, तेच लोक. नानांनी चेपलेला पेला उचलला, सदऱ्यानं पुसला. त्याचा व्हिडिओ झाला, पाणीवाले काका म्हणून, खाली गाणं लावून. नानांच्याच जुन्या दोस्तांनी तो नानांना पाठवला. नाना खाली बसायला जायचे बंद झाले. आठवडाभरात गेलेच.

तेराव्याच्या आधी गल्लीच्या दोन टोकांना श्रद्धांजलीचे दोन बॅनर, एक भाईचा, एक ताईचा, दोन्हीवर नाना. नानांचा फोटो एवढुसा आणि त्यांची तोंडं केवढी! मग भाई घरी आला, सोबत मोबाईल धरलेला पोरगा. नवरा मिलमध्ये, छकुली कमरेवर. "भाभी, एवढंच बोला, त्या बाईच्या माणसांच्या शिव्यांनी काकांना धक्का बसला." मी माठातनं पेला भरला, नानांचाच. तो तोंडाला लावणार, मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाही. मागच्या बिल्डिंगमध्ये ताईला देऊन या. मग बोलते." त्यानं पेल्याचा चेपलेला काठ बघितला, ओळखला. उंबऱ्यावर ठेवून निघाला. "विचार करा भाभी, इथंच राहायचंय तुम्हाला." दुसऱ्या दिवशी ताईची माणसं आली, त्यांनाही मोबाईलवर तेच हवं होतं, फक्त नाव भाईचं. त्यांनाही पेला दिला, जा, भाईला देऊन या. तेही गेले. आपल्या बाईसाठी शिव्या देता येतात, पाणी न्यायला हात नाहीत!

कोण निवडून आलं ते मी लिहीत नाही. गटार तसंच आहे.

पेला माठावर उपडा आहे. नवरा म्हणतो, ठोकून सरळ करून आणतो. मी हात लावू देत नाही. दार वाजलं की आधी छकुलीला उचलते... मग पेला भरते.