सायलीचं ऑफिस: राहू की सोडू?

किस्से म्हणजे सुक्या बोंबलांचा डबा. झाकण कितीही घट्ट लावा, वास बाहेर येतोच! सायलीच्या ऑफिसचे किस्से असेच आमच्या लालबागच्या खोलीत साठलेत.

सायली माझी नात. लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात, माडीवर तिची छोटीशी कंपनी. बिस्किटांच्या, मसाल्यांच्या पाकिटांवरची चित्रं करतात. माणसं दोन टॅक्सीत मावतील एवढीच. तिला तिथे अजून नोकरीत पक्कं केलेलं नाही, आणि जुन्या मोठ्या ऑफिसवाले परत बोलावतायत. शनिवारी दोघांना उत्तर द्यायचंय. पोरगी बसल्या जागी पाय हलवते, चहा गार करते आणि सारखं एकच, "आजी, राहू की सोडू?" तिच्या नादाने मी सोललेले वाल सालांत टाकते आणि सालं टोपात!

* * *

पहिल्याच दिवशी मालक म्हणाला, "इथे सर-बिर काही नाही. मला निखिल म्हणायचं."

सायली खूश! जेवताना शेजारच्या देसाईकाकांना विचारलं, "काका, खरंच निखिल म्हणायचं?"

देसाईकाका तिथले सर्वांत जुने. हळूच म्हणाले, "म्हण की! फक्त तो खोलीत नसताना."

* * *

एकदा डब्यात मी बांगड्याचं तिखलं दिलं. हिने ते ऑफिसच्या ओव्हनमध्ये गरम केलं. घमघमाट सुटला! निखिलने केबिनचं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ओव्हनवर पाटी: मासे गरम करू नयेत.

सायली घरी येऊन फणफणली. "संपलं! सोडतेच!"

पुढच्या आठवड्यात परत बांगडा नेला, गारच खात बसली. निखिल मागे येऊन उभा. इकडेतिकडे बघितलं नि म्हणाला, "गार असला तर... एक तुकडा मिळेल? आमच्या घरी चालत नाही गं."

* * *

मग तक्रारपेटी आली. नावाशिवाय चिठ्ठी टाका, मोकळेपणाने बोला! बरेच दिवस पेटी रिकामी. शेवटी एक चिठ्ठी निघाली: "पेटी दारात लावली आहे. डोक्याला लागते."

निखिलने पेटीच काढली आणि सगळ्यांना सांगितलं, "बघा, तक्रार आली की आपण लगेच निकाल लावतो!"

* * *

"आजी, ते म्हणतात आपण सगळे एक फॅमिली."

"भांडणं होतात?"

"छे! सगळे कायम हसत असतात."

"गो बाय, मग ते घर नाय, लग्नाचा हॉल हा!"

* * *

आता परवाचं. सायली मोबाइल घरीच विसरली. संध्याकाळ झाली, दिवे लागले, तरी पत्ता नाही. तिथला रिवाजच तसा, सर निघाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मला घरात बसवेना. मोबाइल घेतला, टॅक्सी केली आणि माडी चढले.

आत बघते तर सगळे जागेवर. एक पोरगी कॉम्प्युटरवर पत्ते खेळतेय. देसाईकाका मांडीवर बॅग घेऊन, बुटांच्या नाड्या बांधून तयार! सायली मला बघून पांढरीफटक.

मी सरळ केबिनचं दार ढकललं. निखिलच्याही मांडीवर बॅग!

"काय रे बाळा, घरी कोणी वाट बघत नाही?"

"बघते ना, आजी. आई जेवायची थांबलीय. पण बाहेर सगळे अजून काम करतायत. मी आधी कसा जाऊ?"

दार उघडंच होतं. सगळ्यांनी ऐकलं. पत्ते खेळणारीचा हात थांबला. देसाईकाकांनी बॅग खांद्याला लावली, परत मांडीवर घेतली. कोणी उठेना! निखिल त्यांच्याकडे बघतोय, ते निखिलकडे.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सायली उभी होती. पाय हलत नव्हता.

"मी निघते, निखिल."

निखिलने एकदा तिच्याकडे बघितलं.

"थांब, मीही येतो," म्हणाला. त्याच्या मागून जिन्यावर अशी धडधड झाली की जणू गिरणीच सुटली!

टॅक्सीत मी विचारलं, "मग शनिवारी काय सांगणार?"

सायली खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, "आजी, उद्यापासून डब्यात बांगड्याचा एक तुकडा जास्त घाल."