आशाबाईंच्या संडासाचं तिसरं भांडं

आशाबाई दुकानात आल्या त्या फुटक्या भांड्याचा तुकडा पिशवीत घेऊनच. दोन गिऱ्हाइकं टाइल्स पाहत होती. त्यांच्या देखत तो तुकडा त्यांनी काउंटरवर आदळला. धुऊन आणला होता, एवढी मेहरबानी.

"लोकेशभाऊ, हे दुसरं भांडं हाये. दिवाळीले नेलं अन् आता पाहा. असाच माल विकून राह्यले का तुमी?"

संडासाचं भांडं फुटलं की दोष माझा, हे गिऱ्हाइकांनी आधीच ठरवलेलं असतं. चंद्रपूरच्या कोळशाच्या पट्ट्यात माझं सॅनिटरीचं दुकान आहे आणि मालाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं.

"माल एक नंबर हाये," मी म्हणालो. "मिस्त्रीनं बरोबर बसवलं नसन."

"कोलू मिस्त्रीनं बसवलं. तुमच्याच दुकानातलं सिमेंट घेऊन."

टाइल्सवाली गिऱ्हाइकं हसली.

आशाबाईंशी वाकडं घ्यायला गावात कोणी धजत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ती बाई आवडते. नवरा देवाजी कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली कामाला होता. ती खाण बंद होऊन जमाना झाला. तो रिटायर झाल्यावर खाणीच्या मागच्या वस्तीत त्यांनी घर बांधलं. बांधलं म्हणजे बाईंनी बांधलं. विटा डोक्यावर वाहिल्या, पहाटे उठून भिंतींना पाणी मारलं, मिस्त्रीनं दांडी मारली की त्याच्या घरी जाऊन त्याला उठवून आणलं. त्यात गुडघे गेले. आता उकिडवं बसलं की उठवत नाही, म्हणून या खेपेला साधं भांडं नको, कमोड पाहिजे होता.

मग त्यांनी दुकानातल्या एकेका कमोडवर बसून पाहिलं. लाजबीज काही नाही. एक फार उंच, एक अरुंद, एकाची सीट कुरकुरते. शेवटी कोपऱ्यातला, टाकीसकट एकसंध असलेला अवजड कमोड त्यांना पसंत पडला. तो उचलायला दोन माणसं लागतात.

"हलका माल फुटते," त्या म्हणाल्या. "हा एकदा बसला का हालत नाई."

सून दिव्यानी नुकतीच बाळंत झाली होती. संडास-बाथरूम एकच, बाळाची आंघोळही तिथेच व्हायची, त्यामुळे बाईंना घाई होती. "आधी येऊन पाह्यतो, मग देतो," मी सांगितलं. मला फक्त कोलूची चूक पकडायची होती.

कोलूला घेऊनच गेलो. बाथरूम घराच्या मागच्या अंगाला, स्वयंपाकघराला लागून. काम चोख होतं, हे पाहून आधी माझा हिरमोडच झाला. मग फरशीवर पाणी ओतलं, तर ते जाळीकडे जायचं सोडून उलट भिंतीकडे गेलं.

"मी ढाळ इकडं देल्ला होता," कोलू डोकं खाजवत म्हणाला. "लेव्हल लावून देल्ला होता, भाऊ."

दार खाली घासत होतं. त्याला आशाबाईंनी दोनदा रंधा मारून घेतला होता. मी फुटक्या भांड्याच्या पाइपात बादलीभर पाणी सोडलं आणि मागे जाऊन सेप्टिक टाकीचं झाकण उचललं. पाणी आलं नाही. आणखी एक बादली सोडली. टाकी कोरडी ठणठणीत.

"आमची टाकी कधी भरतच नाई," आशाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लोकायच्या घरी उपसाले गाडी येते. आमाले ते माहीतच नाई."

इतकी वर्षं या घरातलं पाणी जात कुठे होतं?

तेवढ्यात देवाजीभाऊ काठी घेऊन आले. माणूस अबोल. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. उंबऱ्यावर उभं राहून त्यांनी काठीनं फरशी ठोकली, कान देऊन ऐकलं, जरा पुढे सरकून पुन्हा ठोकली.

"रोज सकाळी असंच करतेत," आशाबाई म्हणाल्या. "यायनं ठोकल्याबिगर आमाले आत जाऊ देत नाई. म्हातारपण, दुसरं काय!"

मी कधी खाणीत उतरलो नाही, पण माझे वडील उतरायचे. जमिनीखाली पाळी सुरू होताना एक जाणता माणूस पुढे जातो, काठीनं छत ठोकतो आणि आवाजावरून सांगतो की छत धरेल की खाली येईल. देवाजीभाऊ तेच करत होते. फक्त आता ते छताच्या वरच्या बाजूला उभे होते.

मी बाईंना तिथेच सांगून टाकलं. "भांड्याचा दोष नाई, आशाबाई. खालून जमीन बसून राह्यली. लेकराले घेऊन निघा इथून."

त्या खदखदून हसल्या. "वा रे वा! भांडं बदलून द्या लागते म्हणून आता जमीनच खराब?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "धनराजचे बाबा, तुमी सांगा यायले. तुमी खाली काम केलं. कशी हाये जमीन?"

देवाजीभाऊंनी काठी भिंतीला टेकवली. "पक्की हाये," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच दुकानात आले.

"लोकेश, तो कमोड तिले देऊ नको. माल संपला म्हण."

"काऊन? जमीन पक्की हाये ना?" मी खवळून विचारलं.

ते पाइपांच्या गठ्ठ्यावर टेकले. मग बोलले. खाणीत छताला आधार म्हणून कोळशाचेच खांब राखलेले असतात. शेवटच्या काळात तेही काढून घेतले. खांब काढले की त्या जागी रेती भरायची असते.

"रेती भराच्या टोळीत मी होतो. वस्तीच्या खाली अर्धी भरली, अर्धी तशीच सोडली. वरून हुकूम आला, चालते म्हणून."

"अन् त्याच जागेवर घर बांधलं?"

"जागा तिनं पाह्यली. तिच्या मनात भरली," ते म्हणाले. "मले वाटलं, आपल्या हयातीत नाई बसत. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

मला त्यांची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला. आजच्या आज बाईंना सांगा, नाहीतर मी धनराजला सांगतो, असं मी बजावलं.

"बारसं होऊ दे," ते म्हणाले. "बारसं झालं का सांगतो."

मी बारशाची वाट पाहिली नाही. धनराज हा त्यांचा मुलगा, ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कामाला. त्याला फोन लावून रेतीचं सगळं सांगितलं.

"आईनं सांगतलं मले," तो म्हणाला, "तुमी माल बदलून द्याले नाई म्हणून राह्यले ते. बाबा म्हणते जमीन पक्की हाये. बाबापेक्षा तुमाले जास्त समजते का?"

फोन ठेवला त्यानं. पंचायतीत गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, घर ज्याचं आहे त्याची तक्रार आणा. ज्यानं बोलायचं तो बोलत नव्हता, आणि मी पडलो दुकानदार. माझं कोण ऐकणार?

माल संपला, असा निरोप मी धाडला होता, तरी बारसं दोन दिवसांवर असताना आशाबाई ऑटो घेऊन दुकानात हजर झाल्या. "माल संपला म्हणता, अन् हा कोपऱ्यात काय हाये?" मी देत नाही म्हटलं. "मंग चंद्रपूरवरून आणतो," म्हणत त्या वळल्या. तेव्हा मी नमतं घेतलं. म्हटलं, सोबत जाऊ, देवाजीभाऊंना त्यांच्यासमोरच बोलतं करू.

कोलूनं आणि मी कमोड आत नेऊन ठेवला. जुन्या भांड्याचं उरलेलं बूड फोडायला कोलूनं छन्नी लावली, तर देवाजीभाऊंनी त्याचा हात धरला. काठीनं फरशी ठोकली. ऐकलं. मग गुडघे टेकून, कान फरशीला लावून पुन्हा ठोकली. मी विषय काढणार तेवढ्यात ते उठले, काठी तिथेच टाकली, स्वयंपाकघरात जाऊन दिव्यानीच्या मांडीवरून बाळ उचललं आणि अनवाणी, समोरच्या दारातून सरळ रस्त्यावर चालत गेले.

"अवो, लेकराले कुठी नेऊन राह्यले? एवढ्या उन्हात!" आशाबाई दुखऱ्या गुडघ्यांनी मागे धावल्या. दिव्यानी रडत त्यांच्यामागे. मी कोलूला दंडाला धरून बाहेर ओढलं.

आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकमधून रेती उपडी करावी तेवढाच. वळून पाहिलं तेव्हा बाथरूम नव्हतं. स्वयंपाकघराची अर्धी भिंत उभी होती, तिच्या पलीकडे काळा खड्डा होता आणि त्यातून धूळ वर येत होती. तळ दिसत नव्हता. हळूहळू सगळी वस्ती रस्त्यावर जमा झाली.

आशाबाईंनी बाळ हातात घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं आणि दिव्यानीकडे दिलं. मग त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमाले माहीत होतं?"

त्यांनी मान डोलावली.

"कधीपासून?"

"पाया खांदला तवापासून."

"मी डोक्यावर विटा वाहून राह्यली होती, तवा बी?"

"हो."

मला वाटलं, आता ही बाई आकाशपाताळ एक करील. त्या ओरडल्या नाहीत. "एक डाव सांगाचं होतं," एवढंच म्हणाल्या. "मी झोपडीत राह्यली असती." आणि त्या रस्त्यावरच खाली बसल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

शेजारच्या शकुबाई हे ऐकत उभ्या होत्या. मागच्या महिन्यात त्यांनीही माझ्याकडून नवं भांडं नेलं होतं. त्या सावकाश आपल्या नवऱ्याकडे, झाडूभाऊंकडे वळल्या.

"तुमी बी त्याच टोळीत होते ना?"

झाडूभाऊ दोन पावलं मागे सरले. मग पलीकडच्या घरातली बाई तिच्या नवऱ्याकडे पाहू लागली, मग तिच्या पलीकडची. वस्तीतले सगळे म्हातारे त्याच एका खाणीतून रिटायर झालेले. माना खाली घालून ते उभे होते, आणि त्यांच्यातल्या एकालाही आपल्या बायकोच्या नजरेला नजर देता येत नव्हती.