बेटावरची मासळी चालते, आमचे बोंबील नाही

मंडळी, डोकं इतकं तापलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज ऑफिसमधले चौघे डहाणूला आमच्या घरी जेवायला आले होते. गेल्याच महिन्यात ते कुठल्याशा छोट्या बेटावर फिरून आले. तिथल्या मच्छीमारांच्या अंगणात बसून खारवलेली मासळी खाल्ली आणि 'अस्सल लोकल फूड' म्हणून तिचे ढीगभर फोटो टाकले.

आमच्या अंगणात पाऊल टाकलं आणि चौघांचे रुमाल नाकाला!

अंगणात बांबूंना बांधलेल्या दोरीवर आईने बोंबील वाळत घातले होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. उन्हात उभं राहून अशा शेकडो जोड्या. एकाने फोटोसाठी त्यातली एक काढली, "शी, काय वास मारतोय!" म्हणत वाळूत टाकली आणि आईकडेच साबण मागितला.

आईने साबण दिला. मग जोडी उचलली, धुतली, परत टांगली.

ते गेल्यावर मी भडकले, "आई, गप्प का बसलीस? चांगलं सुनवायचं होतंस!"

ती म्हणाली, "त्यांना काय सुनवू? सकाळी तूच बोललीस ना, आज सुकी मासळी बनवू नको, घरभर वास सुटतो, अगरबत्ती लाव म्हणून?"

पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही घरातलं काय लपवता हो?

त्या चौघांना मी मघापासून शिव्या घालतेय. पण सगळ्यात आधी नाक मीच दाबलं होतं.