पाणी न पिणारी फळी

खाडीवरची होडी खाऱ्या पाण्याने कुजत नाही, पावसाच्या पाण्याने कुजते. हे सांगितलं की पाहुणे डोळे मोठे करतात आणि मला आणखी चेव येतो. मीठ बुरशीला मानवत नाही हो! पण पावसाळ्यात होडी काठावर ओढून ठेवली की तिच्या पोटात गोडं पाणी साचतं, आणि बुरशीबाईंची पंगत बसते.

साठच्या दशकात आमच्या शिरवणे गावात हेच झालं. बाबांच्या होडीच्या तळाची आंब्याची फळी इतकी भुसभुशीत झाली की बोट टेकवलं तर आत गेलं. आमची होडी एकच. नारळी पुनवेला ती पाण्यात उतरली नाही, तर पुढे चूल कशावर पेटणार?

माझा थोरला भाऊ, आमचा दादूस, खाडीकाठच्या पट्ट्यात नव्याने आलेल्या केमिकलच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. "फळी मी देतो," तो म्हणाला. आंब्याचीच नवी फळी त्याने कडक वाळवली, कारखान्यात गरम औषधात मुरवली आणि घरी आणली. नाकाला झोंबणारा आंबट वास!

"लोनचं घातलंस का काय रं?" आई म्हणाली.

दादूसने ऐटीत समजावलं. लाकडात पाणी धरून ठेवणाऱ्या बारीक बारीक जागा असतात. हे औषध त्या जागांना कायमचं चिकटतं. वरून लावलेलं विष नव्हे, लाकूडच बदलतं. मग त्यात पाणी मुरत नाही, आणि ओल नसली की बुरशीला घास गिळता येत नाही.

बाबांना पटेना. "साधी फळी बरी. मना तिची सवय हाय."

मी दादूसची वकील झाले. हातवारे केले, डोळ्यांत पाणी आणलं, जेवणावरून उठले. अख्ख्या आळीत मी एकटीच सांगत फिरत होते, की आमचा दादूस बुरशीला उपाशी मारणार! शेवटी बाबांनी फळी बसवली.

आमच्याकडे दुरुस्त झालेल्या होडीला आधी पाणी पाजतात. उथळ पाण्यात ती बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळ्या एकमेकींना घट्ट भिडतात आणि सांधे मिटतात. जुने सांधे मिटले. नव्या फळीच्या दोन्ही बाजू मात्र पाझरत राहिल्या.

"पोरा, ही पानी का पीत नाय?" बाबांनी विचारलं.

"नवी हाय, बाबा. पिईल. जरा थांबा."

बाबा थांबले. मग सांध्यात आणखी कापूस ठासला आणि पुनवेला सगळ्यांच्या बरोबरीने नारळ सोडून होडी लोटली. दादूस काठावर उभा होता, त्याच्याबरोबर कारखान्याचे साहेब. मी मागेच, अभिमानाने फुगलेली.

खाडीच्या मध्यावर लाटेने होडी जराशी पिळली गेली आणि कापूस सुटला. बाबा डब्याने पाणी उपसू लागले. शेजारच्या होडीतून कोणीतरी ओरडलं, "काय रं, होडी आनलीस का चाळनी?" सगळी खाडी हसली.

साहेब हसले नाहीत. ते दादूसला म्हणाले, "हे लाकूड औषधानेच फुगून बसतं, पाण्यात पुन्हा फुगत नाही. वडिलांना सांगितलं होतंस ना?"

"सांगितलं असतं तर बसवलीच नसती, साहेब. खऱ्या होडीत एकदा बघायची होती."

मी ऐकत होते. माझ्या आवाजात, माझ्या आसवांनी त्याने बाबांना फशी पाडलं होतं. त्याचे डोळे खाडीतल्या होडीवर होते.

बाबा कंबरभर पाण्यातून होडी ओढत काठाला आले. साहेब काय बोलले ते मीच सांगितलं. त्यांनी दादूसकडे पाहिलं. पहारीने फळी उखडली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"बाबा, पण ती कुजणार नाही," दादूस म्हणाला. आणि ते खरंच होतं.

बाबांनी सुताराकडून आंब्याची साधी फळी मागवली. होडी पुन्हा पाणी पिईपर्यंत हंगामाचे पहिले दिवस गेले. फळी बसवताना सुतार हळहळला, "तीन-चार पावसांत ही जानार बघा."

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "कुजंल, पन आधी मना सांगून कुजंल."